माइकताईंची घरबसल्या नोकरी

घड्याळकाकांनी शर्ट काढायला कपाटाचं दार उघडलं, तर आत त्यांची बायको बसलेली. डोक्यावरून रजई, हातात मोबाईल आणि चेहऱ्यावर कामात व्यत्यय आल्याचा भाव.

"दार लावा," त्या म्हणाल्या. "रेकॉर्डिंग चाललंय."

काकांनी दार लावलं. थोडा वेळ ते तिथेच उभे राहिले. मग त्यांनी दारावर हलकेच टकटक केली.

"शर्ट हवा होता."

दाराला फट पडली, आतून एक हात शर्ट घेऊन बाहेर आला आणि दार पुन्हा लागलं. शर्ट जावयाचा होता. काकांनी तो मुकाट्याने घातला, बाह्या दुमडल्या आणि घड्याळ दुरुस्तीच्या आपल्या दुकानाकडे निघून गेले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कुठला प्रश्न विचारायचा आणि कुठला गिळायचा, हे त्यांना चांगलं कळत होतं.

माइकताईंनी उभी हयात बसस्थानकाच्या चौकशी खिडकीमागे माइकसमोर काढली होती. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येते आहे, कुठली आज येणारच नाही, हे सगळ्या शहराला त्यांच्याच तोंडून कळायचं. आवाज असा की गाडी रद्द झाल्याची बातमीसुद्धा आमंत्रणासारखी वाटायची. मग स्थानकात एक यंत्र आलं आणि यंत्रातून भलत्याच बाई बोलू लागल्या. माइकताई पुष्पगुच्छ घेऊन घरी आल्या आणि घरात घोषणा करू लागल्या. "चहा थोड्याच वेळात टेबलावर येत आहे, तरी सर्वांनी हात धुऊन तयार राहावे," असं त्या स्वयंपाकघरातून म्हणत. 'सर्वांनी' म्हणजे एकट्या काकांनी. ही आपली गंमत आहे असं त्या सांगायच्या. गंमत कसली, खाज होती ती, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक होतं.

अशा वेळी मोबाईलवर ती जाहिरात आली. 'आवाज गोड आहे? मग घरबसल्या काम करा!' नमुना म्हणून चार ओळी वाचून पाठवायच्या होत्या. खोलीत पंख्याचा आवाज, बाहेर रिक्षांचा आवाज, म्हणून त्या कपाटात शिरल्या होत्या.

बसस्थानकाच्या नोकरीसाठी त्यांना अर्ज, परीक्षा, मुलाखत, पुन्हा मुलाखत आणि कानाच्या डॉक्टरचा दाखला एवढं सगळं करावं लागलं होतं. इथे निवड झाल्याचा निरोप आला तेव्हा त्या अजून कपाटातच होत्या. एखाद्या शहाण्या बाईच्या मनात इथेच पाल चुकचुकली असती. माइकताईंच्या मनात आलं, गुण असला की वेळ लागत नाही.

संध्याकाळी त्यांनी लेकीला फोन करून बातमी दिली. लेक दूरच्या शहरात असते आणि आईला दर आठवड्याला मोबाईलचे धोके समजावते.

"आई, ते पैसे मागतायत का?"

"छे! उलट देणार आहेत. महिना झाला की पगार."

"नक्की? पैसे मागितले ना, की समजायचं लफडं आहे."

"एक छदाम मागितला नाही गं त्यांनी."

"मग ठीक आहे," लेक म्हणाली.

माइकताई निर्धास्त झाल्या. त्यांनी पर्स घट्ट धरली आणि बाकी सगळी दारं सताड उघडी ठेवली. आपल्याकडे पर्सशिवाय आणखीही काही चोरण्याजोगं असेल, हे त्या बिचारीच्या डोक्यातही आलं नाही.

काम देणाऱ्याला त्या 'सर' म्हणायच्या. सर कधी दिसले नाहीत, नुसते ऐकू आले. आवाजावरून जावयापेक्षाही लहान वाटायचे. ते रोज सकाळी फोन नंबर पाठवत आणि त्या नंबरांवर माइकताईंनी ठरलेला मजकूर वाचायचा: 'अभिनंदन! बटणं पाकिटात भरण्याच्या घरबसल्या कामासाठी आपली निवड झाली आहे. माल घरपोच मिळण्यासाठी अनामत रक्कम आजच भरावी. रक्कम परत मिळेल. जागा मर्यादित.'

'अनामत' शब्दाशी त्या जरा अडखळल्या. पण स्थानकावर सामान ठेवायच्या खोलीतही अनामत घ्यायचे की! त्यांनी स्वतःची समजूत घातली, आणि ती इतक्या चटकन पटली की दुसऱ्या कुणाला विचारायची वेळच आली नाही.

मात्र 'जागा मर्यादित' त्यांना खटकलं. त्यांनी सरांना फोन लावला.

"सर, गाडीत जागा मर्यादित असते हे समजू शकते मी. पण लोक आपापल्या घरी बसून बटणं भरणार, तर जागा मर्यादित कशी?"

"मॅडम, ते तसं म्हणायचं असतं."

"का?"

"लोकांनी घाई करावी म्हणून."

"घाई?" माइकताईंना धक्का बसला. घाईपायी लोक कसे पडतात, हे त्यांनी खिडकीतून आयुष्यभर पाहिलं होतं. धावत्या गाडीत चढू नका, हे घसा बसेपर्यंत सांगणारी बाई ती. त्यांनी 'जागा मर्यादित' काढून टाकलं आणि तिथे स्वतःची एक ओळ घातली: 'घाई करू नये. घरच्यांशी बोलून, नीट विचार करून मगच निर्णय घ्यावा.' आपण मजकुरात सुधारणा केली याचा त्यांना दिवसभर अभिमान वाटत होता.

आणि कामाला तोंड फुटलं. लोक बोलायचे, माइकताई ऐकायच्या, मग माइकताई बोलायच्या. एका बाईंना बटणांच्या कामापेक्षा गुडघेदुखीबद्दल बोलायचं होतं. एका गृहस्थांनी सुनेची तक्रार सांगितली. माइकताईंनी सुनेची बाजू घेतली आणि शेवटी गृहस्थ म्हणाले, "खरंय तुमचं, मीच जरा तापट आहे." फोन ठेवल्यावर माइकताईंच्या लक्षात आलं, बटणांचा विषय राहूनच गेला.

चौथ्या-पाचव्या दिवशी सरांचा फोन आला.

"मॅडम, काय चाललंय? एकच गिऱ्हाईक! तेसुद्धा पहिल्या दिवशीचं! तुमचं कन्व्हर्जन काहीच नाही!"

कन्व्हर्जन म्हणजे काय ते त्यांना कळलं नाही, पण नसणं वाईट असावं एवढं कळलं. त्या शरमेने लाल झाल्या. बसस्थानकात एवढी वर्षं काढली, पण साहेबाने आवाज चढवून बोलावं अशी वेळ कधी आली नव्हती. त्यांनी सराव करायचं ठरवलं. घरात सरावासाठी एकच माणूस होता.

"अहो, समजा तुम्ही गिऱ्हाईक."

"बरं." काकांच्या डोळ्याला भिंग लावलेलं होतं आणि हातात कुणाचं तरी उघडं घड्याळ.

"अभिनंदन! आपली निवड झाली आहे."

"कशासाठी?"

"बटणं पाकिटात भरण्यासाठी."

"मला नको."

"अहो, तुम्ही अर्ज केलाय!"

"मी कशाला करीन?"

"समजा केलाय!"

"मग अर्ज करताना माझी अक्कल कुठे गेली होती?"

सराव तिथेच संपला.

खरी अडचण काय ते माइकताईंनी स्वतःच शोधून काढलं. गाडीची घोषणा करताना ती कुठून सुटते हे सांगावं लागतं, नाहीतर लोक गोंधळतात. इथे लोक विचारत होते, 'कंपनी कुठे आहे?', आणि त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी सरांकडे पत्त्याचा असा तगादा लावला की सर रडकुंडीला आले. एकदा जेवताना, एकदा झोपेतून उठवून, एकदा तर ते दुसऱ्या फोनवर असताना. शेवटी सरांनी एक पत्ता त्यांच्या अंगावर फेकला. बाजारपेठेमागचा रस्ता, अमुक इमारत, पहिला मजला, मुख्य कार्यालय.

माइकताईंचा आनंद गगनात मावेना. त्या दिवसापासून प्रत्येकाला त्या पत्ता लिहून घ्यायला लावत. वर आग्रहाने सांगत, "नुसतं माझ्या सांगण्यावर जाऊ नका. एकदा तिथे जा, बटणं डोळ्यांनी बघा, मगच पैसे भरा."

एका सकाळी खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या वहिनी वर आल्या. दिवसभर मशीनवर वाकून त्यांची पाठ धनुष्यासारखी झाली होती, आणि त्या चक्क हसत होत्या.

"ताई, माझीपण निवड झाली! काल तुमचाच फोन होता ना? मी तुम्हाला काही बोलले नाही, मुद्दाम. म्हटलं सरप्राइज देऊ."

"अगंबाई, तुम्ही होतात त्या?" काल संध्याकाळी एकजण नुसतंच "हो, हो" म्हणत खुसखुसत होती, ती माइकताईंना आठवली.

"आधी मला शंका होती हो. पण तुमचा आवाज ऐकला आणि सगळी शंका गेली. माइकताई गाडी लागली म्हणाल्या की लागलेलीच असायची. आज पैसे भरते. मशीनला गिऱ्हाईक बघितलंय."

"कुठल्या मशीनला?"

"शिलाईच्या. आता काय करायचंय ते? ही पाठ गेली कामातून. बटणं काय, बसल्या बसल्या भरेन."

वहिनी हे इतक्या आनंदाने सांगत होत्या की माइकताईंना आपली चौकशी खिडकी आठवली. इतक्या वर्षांत त्यांनी एकही गाडी मनाने सांगितली नव्हती. आगारातून निरोप आला, नियंत्रकाने मान हलवली, तरच तोंड उघडायचं. आणि इथे? ना आगार पाहिलं, ना गाडी पाहिली. एक बटण पाहिलं नाही! नुसता माइक हातात आला आणि या बाई सुरू झाल्या.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "मशीन आज विकू नका. आधी आपण दोघी जाऊन कंपनी बघून येऊ."

"आत्ता?"

"आत्ता."

बाजारपेठेमागचा रस्ता होता. इमारत होती. पहिला मजलाही होता. तिथे दातांचा दवाखाना होता. काचेच्या दारावर जाड अक्षरांत कागद चिकटवलेला: 'इथे बटणं मिळत नाहीत.'

आत बाकावर काही माणसं बसली होती आणि समोरच्या टेबलामागची मुलगी त्यांच्यावर वैतागली होती.

"अहो काका, किती वेळा सांगू? इथे बटणांची कंपनी नाही. दात दुखत असेल तर बसा, नाहीतर जा!"

"पण त्या बाईंनी हाच पत्ता दिला," बाकावरचा पैलवानासारखा दिसणारा गृहस्थ म्हणाला. "जाऊन डोळ्यांनी बघा म्हणाल्या."

"मलाही तेच म्हणाल्या," कडेवर मूल घेतलेली एक बाई म्हणाली. "काय गोड बोलत होत्या!"

"रोजचं झालंय हे!" मुलगी ओरडली. "कोण बाई आहे कुणास ठाऊक. एकदा सापडू दे मला, सगळे दात काढून हातात देते!"

माइकताई दारातच थिजल्या. मागे फिरावं तर मागे वहिनी. तेवढ्यात मुलीचं त्यांच्याकडे लक्ष गेलं. "तुम्हाला काय पाहिजे? तुम्हीपण बटणंच का?"

तोंड उघडलं की संपलं, एवढं त्यांना कळत होतं. सगळ्या शहराने ओळखावा असा आपला आवाज आहे, याचा पहिल्यांदाच त्यांना मनापासून पश्चात्ताप झाला. त्यांनी चटकन गालावर हात दाबला, डोळे मिटले आणि कण्हल्या.

"अरे देवा, खरा पेशंट!" मुलीचा चेहरा एकदम उजळला. "या, या आजी, तुम्ही आधी आत या."

"ताई, तुमची दाढ कधीपासून—" वहिनी म्हणेपर्यंत माइकताई आत पोचल्यासुद्धा. बाकापेक्षा खुर्ची बरी, असा त्यांनी विचार केला. आयुष्यात दातांच्या खुर्चीला बरं म्हणणाऱ्या त्या बहुधा पहिल्याच.

"कुठली दुखते?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

माइकताईंनी मनाला येईल त्या दाढेकडे बोट दाखवलं.

"इथे तर काही नाही," डॉक्टरीणबाई आत डोकावून म्हणाल्या. "पण ही शेजारची... बापरे! आजी, ही एवढी किडली तरी तुम्ही गप्प कशा बसलात?"

गप्प बसल्याचा आरोप माइकताईंवर जन्मात पहिल्यांदाच होत होता. त्याचं खंडन करायला त्यांनी तोंड उघडलं आणि डॉक्टरीणबाईंनी त्यात सुई घातली.

त्या बाहेर आल्या तेव्हा अर्धं तोंड त्यांचं उरलं नव्हतं. ओठ कुठे संपतो आणि गाल कुठे सुरू होतो काही कळत नव्हतं. बाकावरची माणसं एकदम उठून उभी राहिली. कारण वहिनींनी तोवर अभिमानाने सगळं सांगून टाकलं होतं.

"या बघा आमच्या माइकताई! यांनीच फोन केला होता सगळ्यांना. आता त्याच सांगतील कंपनी कुठे आहे ते."

टेबलामागची मुलगी खुर्चीतून हळूहळू उठली. पैलवान हात जोडून पुढे आला. "ताई, तुमच्या भरवशावर आलो. बटणं कुठायत?"

माइकताईंनी धीर गोळा केला. झालं ते सांगून टाकायचं, आडपडदा ठेवायचा नाही. सगळं बळ एकवटून त्या म्हणाल्या,

"हसवणूक! सगळी हसवणूक झाली!"

"हसवणूक?" पैलवानाच्या भुवया चढल्या.

"हसवणूक नाई, हसवणूक!" त्या तळमळून म्हणाल्या. 'फ' यायला ओठ लागतो आणि ओठ हजर नव्हता.

"म्हणजे आमची गंमत केलीत? लांबून दोन गाड्या बदलून आलोय मी!"

"ऐसे हरू नका! ऐसे हरू नका!"

"हरत नाही हो," मूल घेतलेली बाई त्यांना धीर देत म्हणाली, "पण बटणं कधी देणार?"

माइकताईंनी वैतागून टेबलावरचं पेन उचललं, काचेच्या दाराशी गेल्या आणि 'इथे बटणं मिळत नाहीत' याच्या खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'कुठेच मिळत नाहीत. ही फसवणूक आहे. पैसे भरू नका.' क्षणभर थांबून त्यांनी आणखी एक ओळ लिहिली: 'फोन करणारी बाई मूर्ख आहे.' आणि स्वतःकडे बोट दाखवलं.

सगळेजण वाचत उभे राहिले. वहिनींनी शेवटची ओळ दोनदा वाचली. मग त्यांनी माइकताईंचा हात धरला आणि त्या जिना उतरायला लागल्या. अर्ध्या जिन्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "बरं झालं, मशीन काढलं नाही."

घरी आल्या आल्या माइकताईंनी मोबाईल हातात घेतला. ज्यांना ज्यांना फोन केला होता त्या सगळ्यांना सावध करायचं, आत्ताच्या आत्ता. ओठ जागेवर यायची वाट बघण्याइतका धीर त्यांना नव्हता. त्यांनी गुडघेदुखीवाल्या बाईंना फोन लावला.

"ऐका, अटणं खोटी आहेत. ती हसवणूक ए."

"कोण बोलतंय?"

"ईच ती! अटणांची आई!"

"बटणांची आई? हे बघा, त्या बाईंचा आवाज मला चांगला माहितीये. किती प्रेमाने माझ्या गुडघ्यांची चौकशी केली त्यांनी! तुम्ही कोण?"

"त्या आईवर इश्वास ठेवू नका! ती ऊर्ख आहे!"

"त्यांना मूर्ख म्हणता? जीभ सांभाळा! भर दुपारी पिऊन लोकांना फोन करता, लाज नाही वाटत? अशांपासूनच सावध राहा म्हणून सांगत होत्या त्या." आणि फोन आदळला.

माइकताई मोबाईलकडे बघत राहिल्या. आवाज गोड होता तेव्हा खोटं सांगितलं तर शहराने मान डोलावली. आता खरं सांगतोय तर आपल्याच आवाजापुढे आपली डाळ शिजत नाही. त्या इतक्या हताश झाल्या की दुकान बंद करून आलेल्या काकांना त्यांनी एकही घोषणा न करता चहा दिला. काका घाबरले.

"काय झालं?"

माइकताईंनी सगळं सांगितलं. 'फ', 'प', 'ब', 'म' वगळून जेवढं सांगता येईल तेवढं. काकांनी समजायचं तेवढं समजून घेतलं आणि मोबाईल हातात घेतला.

"हॅलो. बटणं खोटी आहेत. पैसे देऊ नका. ठेवतो."

पुढचा फोन. "हॅलो. बटणं खोटी आहेत. पैसे देऊ नका. ठेवतो."

एका गिऱ्हाइकाशी माइकताई जेवढ्या वेळ बोलायच्या, तेवढ्यात काकांनी सगळी यादी संपवत आणली. माइकताई शेजारी बसून बघत होत्या. माणसाला ना नमस्कार, ना चमत्कार, ना सुनेची चौकशी! तरी लोक ऐकत होते. कुणी पैसे भरलेच नव्हते. कुणी अजून विचार करत होतं, कुणी घरच्यांशी बोलत होतं, कुणाला दवाखाना सापडला होता.

शेवटच्या फोनवर मात्र काका थांबले. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग फोन खाली ठेवून म्हणाले,

"एक मास्तर आहेत. निवृत्त. त्यांनी भरलेत. पहिल्याच दिवशी."

माइकताईंनी मान खाली घातली.

"म्हणाले, रोज शाळेला जाताना तिचा आवाज ऐकायचो. तिने सांगितलं म्हणून भरले."

त्या दिवशी माइकताई पुढे काही बोलल्या नाहीत. ओठ परत आला, तरी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या काकांना घेऊन पोलिसांच्या सायबर शाखेत गेल्या. तरुण अधिकाऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तो रागावेल, तुम्हालाच आत टाकतो म्हणेल, अशी तयारी करून माइकताई आल्या होत्या. पिशवीत रक्तदाबाच्या गोळ्या आणि बदलायचे कपडेही होते. पण तो म्हणाला, "स्वतःहून आलात ते बरं केलंत. मास्तरांची तक्रारही घेऊ. आता पैसे कुठल्या खात्यात घेतोय तो?"

"मला कुठं माहीत? लोकांना लिंक पाठवून पैशांचं तो बघायचा, मास्तरांनाही नंबर ठाऊक नाही. मी फक्त..." त्यांना शब्द सापडेना. "मी फक्त गोड बोलायची."

"पुन्हा फोन आला तर त्याला बोलण्यात गुंतवा आणि खात्याचा नंबर काढून घ्या. खातं सापडलं की ताबडतोब गोठवतो. घाबरू नका, थोडा अभिनय करावा लागेल."

हे बोलणं चालू असतानाच मोबाईल वाजला. सर! अधिकाऱ्याने खूण केली. माइकताईंनी फोन मोठ्या आवाजावर टाकला आणि रात्रभर मनात घोळवलेल्या सगळ्या शिव्या गिळून त्या म्हणाल्या, "हां, सर?"

"मॅडम, तुम्ही आजपासून काम बंद करा."

"म्हणजे?"

"तुम्हाला काढून टाकलंय. इतक्या दिवसांत एक गिऱ्हाईक! बाकीच्या मुली बघा, दिवसाला कितीजण आणतात. तुमचा आवाज चांगला आहे, पण सॉरी, हे काम तुम्हाला जमत नाही."

अधिकारी पुढे वाकला. काकांनी बायकोकडे पाहिलं आणि त्यांना एकदम काळजी वाटली, कारण तिची हनुवटी थरथरत होती.

"जमत नाही?" माइकताई म्हणाल्या. "सर, असं कसं म्हणता? मी सकाळी उठल्यापासून बसते फोनवर. जेवायची शुद्ध नसते मला. माझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत एक मेमो नाही हो! घसा बसला, ताप आला, तरी खिडकी सोडली नाही मी. आणि तुम्ही मला, मला, जमत नाही म्हणता?" त्यांचा आवाज फुटला. "लोकांशी दोन शब्द जास्त बोलले असेन. तेवढं चुकलं असेल. पण असं तडकाफडकी काढतात का कुणाला? एक संधी द्या ना, सर. एकच! आज गिऱ्हाईक आणून दाखवते. माझ्यासमोर पैसे भरायला लावते. फक्त कुठे भरायचे तेवढं सांगा."

पलीकडे सर गडबडले. "मॅडम, रडू नका हो. माझ्या आईसारख्या आहात. बरं, लिहून घ्या. पण आज शेवटचा चान्स हं."

त्यांनी खात्याचा नंबर सांगितला. अधिकाऱ्याने तो लिहून घेतला आणि तडक दुसरा फोन उचलून बँकेला लावला. थोड्या वेळाने तो हसत परत आला. पैसे अजून पुढे गेलेले नव्हते, खातं गोठलं होतं. मास्तरांची रक्कम परत मिळायची दाट शक्यता होती.

"बाई, तुम्हाला मानलं!" तो म्हणाला. "काय अभिनय केलात! मलासुद्धा क्षणभर खरंच वाटलं. ते 'एक मेमो नाही हो' तर... अंगावर काटा आला. नाटकात वगैरे काम करायचात का?"

"थोडंफार," माइकताई रुमालाने डोळे पुसत म्हणाल्या.

दोघं जिना उतरून रस्त्यावर आले. थोडं चालल्यावर काका थांबले.

"अगं, तू खरंच रडलीस?"

माइकताईंनी इकडेतिकडे पाहिलं. जवळपास कुणी नव्हतं.

"जमत नाही म्हणाला हो तो मला."

"चोर आहे तो!"

"चोर असला म्हणून काय झालं?" त्या नाक ओढत म्हणाल्या. "वरिष्ठ होता ना माझा."